दोन टाक्या, एकच गुन्हा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या गच्चीवर गाडीच्या जादा डिझेलसाठी केलेली ॲल्युमिनियमची एक टाकी पडून आहे. गेल्या महिन्याभरात तीन पोरं ती विकत मागून गेली. तिघांची एकमेकांशी ओळखही नाही. एकाकडे थार आहे, दुसऱ्याकडे नवी स्कॉर्पिओ, तिसऱ्याची गाडी अजून बुकिंगलाच आहे पण टाकीची घाई त्यालाच जास्त. मी तिघांनाही नाही म्हटलं. तिसरा जिना उतरताना म्हणाला, "राहू द्या काका, ग्रिलवाला दोन दिवसांत पत्र्याची करून देतो." ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसलो. कारण ग्रिलवाल्याकडून दोन दिवसांत पत्र्याची टाकी करून घेतलेला माणूस मी स्वतः आहे.

माझं नाव छापू नये. का ते पुढे कळेलच.

आमचा चादर-टॉवेलचा धंदा. महिन्यातून दोनदा माझा फेरा ठरलेला: सोलापूर, गुलबर्गा, रायचूर, हुबळी, विजापूर आणि परत. (यातल्या काही गावांची नावं आता बदलली आहेत, पण उधारीच्या वहीत ती जुनीच आहेत, म्हणून जुनीच लिहितो.) आठशेच्या वर किलोमीटर होतात. २०१० साली मी स्कॉर्पिओ घेतली. टाकी साठेक लिटरची, माल भरून गाडी अकरा-साडेअकरा द्यायची. म्हणजे साडेसहाशेला काटा खाली आणि विजापूरच्या अलीकडेच डिझेल भरणं आलं.

मग भरायचं की! वाटेत पंप काय कमी आहेत? पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या ज्या तेरा शहरांत भारत स्टेज चार, म्हणजे गाड्यांच्या धुराचा आणि इंधनाचा कडक नियम, लागू झालं, त्यात दिल्ली, मुंबई, पुण्याच्या पंगतीला आपलं सोलापूरही होतं. विमान उडो न उडो, धुराच्या बाबतीत आपण महानगर होतो. सोलापुरात मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ५० भाग, तर फेऱ्यातल्या बाकी गावांतल्या स्टेज तीनच्या डिझेलमध्ये ३५०. गाडी घेताना विक्रेत्यानं मला घाबरवून सोडलं होतं: नवं कॉमन रेल इंजिन आहे, बाहेरचं डिझेल घालू नका, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) जातील. एखाद्या टाकीनं काही बिघडत नाही, हे मला पुढे इंजिनच्या पंप-नोझलचं काम करणाऱ्यानं सांगितलं. तोवर माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की सोलापूरचं डिझेल सोलापूरपर्यंत परत पुरलं पाहिजे. चाळीस लिटर जादा मिळाले की झालं.

चांगल्या गॅरेजवाल्यांना विचारलं. दोघांनी हात जोडले. एक म्हणाला, "हे आरसीच्या बाहेरचं काम, माझ्या शेडमध्ये नको." तेव्हा मला तो भित्रा वाटला. शेवटी खिडक्यांच्या ग्रिल आणि कूलरचे सांगाडे बनवणाऱ्या एकाकडे गेलो. त्यानं गाडीखाली डोकावून टेप लावली आणि दोन दिवसांत जीआय पत्र्याची चौकोनी पेटी वेल्डिंग करून मागच्या सीटच्या पाठीमागे बसवून दिली. मी गमतीनं सगळ्यांना सांगायचो, सोलापूरच्या चादरीलाही जीआय आणि माझ्या टाकीलाही जीआय! चादरीचं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आणि टाकीचं जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. त्या जस्ताची किंमत मला वर्षभरानं कळली.

पहिला झटका त्याच्या आधी बसला. ग्रिलवाल्यानं जोडणी अशी केली होती की डिझेल कुठून ओढायचं ते एका कॉकनं ठरायचं, मूळ टाकीतून किंवा जादा टाकीतून. दोन्ही टाक्या काठोकाठ भरून, कॉक जादा टाकीकडे फिरवून मी पहाटे निघालो. अक्कलकोट मागं पडलं. वागदरीच्या अलीकडे चहाला थांबलो तर एक ट्रकचालक कप हातात घेऊन माझ्या गाडीभोवती फिरायला लागला.

"मालक, गाडी रडतीया की."

खाली वाकून बघतो तर मूळ टाकीच्या तोंडातून डिझेलची धार लागलेली. मला काही उमजेना. जी टाकी मी वापरतच नव्हतो, ती गळेल कशी? त्यानं एकच प्रश्न विचारला, "रिटर्न कुठं सोडलाय?"

संपादक महोदय, ही रिटर्नची गोष्ट मला नीट सांगू द्या, कारण ती तिन्ही पोरांना ठाऊक नव्हती. डिझेल इंजिन जेवढं ओढतं तेवढं सगळं जाळत नाही. पंप जास्त ओढतो, लागेल तेवढं इंजेक्टरमधून जातं, उरलेलं गरम डिझेल परतीच्या नळीनं टाकीत येऊन पडतं. माझं इंजिन जादा टाकीतून ओढत होतं आणि उरलेलं आधीच भरलेल्या मूळ टाकीत ओतत होतं. ती ओसंडणारच. जादा टाकी जोडायची तर ओढणारी आणि परतीची, दोन्ही नळ्या एकाच वेळी फिरवणारा व्हॉल्व्ह लागतो. किंवा त्याहून सोपं म्हणजे जादा टाकी इंजिनला जोडायचीच नाही. एका छोट्या पंपानं तिच्यातलं डिझेल मूळ टाकीत घ्यायचं आणि इंजिनला आपल्या जुन्या टाकीशिवाय दुसरं काही ठाऊकच होऊ द्यायचं नाही.

सोलापूर ते वागदरी किती डिझेल रस्त्यावर सांडलं असेल याचा हिशेब मी पैशांत केला होता. ट्रकचालक मात्र म्हणाला, "मागनं मोटारसायकलवाला आला असता तर?" डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही, डांबरावर तेलासारखं पसरतं आणि वळणावर दुचाकीचं चाक सरळ निसटतं. त्या पहाटे माझ्या मागून कोण कोण आलं आणि त्यांचं काय झालं, हे मला कधीच कळणार नाही. या पत्रात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या ओळीची.

बाकीचे त्रास त्या मानानं किरकोळ. पेटीच्या आत आडव्या पट्ट्या नव्हत्या. टाकी अर्धी झाली की ब्रेक मारल्यावर डिझेल पुढच्या भिंतीवर आदळायचं, धबाक्! मागं कुणी बसलंय असा भास व्हायचा. हवा जायची नळी गाडीच्या आतच सोडलेली. मे महिन्यात आपल्या उन्हात डिझेल फुगायचं आणि वास सगळ्या गाडीभर पसरायचा. गुलबर्ग्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं टॉवेल उघडला, नाकाला लावला आणि न बोलता घडी घालून परत दिला. हिनं बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी त्या दिवशी तशीच परत आणली. शेंगाचटणीच्या वासावर मात करणारा वास जगात असू शकतो हे आमच्या घरात कुणाला पटेना. डबा उघडल्यावर ती तेलुगूत जे बोलली, ते तुम्ही छापणार नाही.

आणि दिवे! समोरून येणारा जो तो मला डिपर मारायचा. लोक उर्मट झालेत असं मला वाटायचं. चाळीस लिटर डिझेल म्हणजे तेहतीस किलोच्या आसपास, त्यात पेटीचं वजन, त्यावर टॉवेलचे गठ्ठे, आणि हे सगळं मागच्या चाकांच्याही मागं. गाडी मागून बसायची, पुढून उठायची आणि माझे दिवे थेट समोरच्याच्या डोळ्यांत जायचे.

वर्षभरानं गाडी ओढेना. थंडीत सुरू होताना पांढरा धूर, चढाला दम. पंप-नोझलचं काम करणाऱ्यानं इंजेक्टर काढले, भिंगाखाली धरले आणि विचारलं, "टाकी कशाची केली?" डिझेलमध्ये थोडीफार आम्लं असतातच. ती जस्ताशी मिळून साबणासारखं काहीतरी तयार होतं, ते डिझेलमध्ये विरघळलेलं असल्यानं फिल्टरला सापडत नाही आणि थेट नोझलच्या तोंडाशी जाऊन भाजून बसतं. तिथली भोकं सुईच्या टोकाहून बारीक. चारही इंजेक्टरचं काम झालं. ३५० भाग गंधकापासून जे इंजेक्टर वाचवायला मी निघालो होतो, ते मी स्वतः जस्तानं घालवले. बिल सांगत नाही, ते घरातही अर्धंच सांगितलं होतं.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी दुसरी टाकी केली. पण या वेळी नीट. पुण्याकडच्या एका कारखान्यातून ॲल्युमिनियमची जाड पत्र्याची, आत आडव्या पट्ट्या असलेली, दाब देऊन गळती तपासलेली. गाडीच्या बाहेर, तळाशी, जिथं स्टेपनी असते तिथं बसवली. स्टेपनी वर कॅरियरवर गेली. हवेच्या नळीला गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह, डिझेलसाठीचीच रबरी नळी, डॅशबोर्डवर बटण. मूळ टाकी पावला आली की बटण दाबायचं, जादा टाकीतलं डिझेल मूळ टाकीत यायचं. वास नाही, गळती नाही. वर्षातून एकदा तळाचा नट काढून पाणी सोडायचो, कारण न वापरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी जमतं आणि त्यात काळा गाळ धरतो. बारा वर्षं ही टाकी एक थेंब न सांडता चालली.

गंमत म्हणजे ती ज्या कारणासाठी केली ते कारण मधल्या मध्ये मेलं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर स्टेज चारचं डिझेल आलं, २०२० पासून स्टेज सहा. आता सोलापूरचं आणि रायचूरचं डिझेल सारखंच. मग मी नवं कारण शोधलं. २०२१ च्या दिवाळीनंतर कर्नाटकातलं डिझेल आपल्यापेक्षा लिटरमागे सात-आठ रुपयांनी स्वस्त झालं होतं. टाकळीजवळ भीमेचा पूल ओलांडला की पलीकडच्या पंपांवर एमएच १३ च्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या गाड्यांची रांग. माझा तर रस्ताच तो. शंभर लिटर भरून यायचो आणि आठशे वाचले म्हणून शेजाऱ्याला सांगायचो. शेजारी मुद्दाम तेवढ्यासाठी जाऊन यायचा, त्याच्या वाचलेल्यातले सहाशे जाण्यायेण्यात जळायचे. पुढे २०२४ च्या जूनमध्ये आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये कर्नाटकानं डिझेलवरचा कर वाढवला आणि तोही फरक जवळजवळ संपला. उरली ती फक्त सवय, आणि हायवेवर पंपाला न वळता पुढे जाण्याची एक पोरकट मजा.

२०२५ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. नोंदणी पुढे वाढवायला गाडी तपासणीला नेली. निरीक्षक वाकले, बघितलं, टाकीवर बोटांनी वाजवलं. त्यांनी मला दम दिला नाही. उलट काम चांगलं झालंय म्हणाले. पण आरसीत नाही, कंपनीनं दिलेली नाही, काढून आणा. मी म्हटलं, साहेब, ही पत्र्याची असती तर? ते म्हणाले, तरी हेच म्हणालो असतो.

त्यांचं काहीच चुकलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी फारकत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी आधी टाकीकडे बोट दाखवणार. बारा वर्षं मी विम्याचे हप्ते भरले ते कशाचे, असा प्रश्न मला आता पडतो.

मी टाकी काढली. माझी तक्रार टाकी काढावी लागली ही नाही. रस्त्यावर डिझेल सांडणारी, जस्तानं इंजिन खाणारी, डिक्कीत वाफ सोडणारी पेटी आणि बारा वर्षं न गळलेली टाकी, या दोघी कायद्याच्या नजरेत सारख्याच. म्हणून ज्याला काम येतं तो गॅरेजवाला हात जोडतो आणि ज्याला रिटर्न म्हणजे काय ते माहीत नाही तो दोन दिवसांत करून देतो. बंदीनं टाक्या थांबलेल्या नाहीत, फक्त चांगले कारागीर थांबलेत.

सीएनजीचं बघा. ते तर डिझेलहून कितीतरी जोखमीचं, दोनशे बार दाबाचं काम. पण त्याला वाट आहे. चाचणी संस्थेनं मान्य केलेलं किट, अधिकृत बसवणारा, आरसीवर नोंद, दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाब-चाचणी. ज्या राज्यात, पुण्याला, एआरएआयसारखी वाहन तपासणारी संस्था आहे, तिथं डिझेलच्या चाळीस लिटरच्या टाकीला अशी वाट करता येणार नाही? माझा भाचा ऑस्ट्रेलियात पर्थला आहे. तिथं दोन गावांमध्ये दिवसभराचं वाळवंट असतं. त्याच्याकडची जुनी टोयोटा प्राडो गाडी कंपनीतूनच दोन टाक्या घेऊन आली होती, ८७ आणि ६३, मिळून १५० लिटर. ज्यांना त्याहून मोठी हवी त्यांना तिथल्या नियमांत बसणाऱ्या टाक्या बनवून देणारे कारखानदार आहेत. आपल्या कंपन्यांनी जास्तीचे पैसे घेऊन मोठी टाकी पर्याय म्हणून दिली तर ग्रिलवाल्याचं दुकान एका दिवसात खिडक्यांवर परत येईल.

अर्थात ती कितीजणांना खरंच लागेल, हा प्रश्न मी त्या तिघांनाही विचारला. तिघांचंही उत्तर एकच, लडाख. मनालीहून लेहकडे जाताना टांडीच्या पंपावरची पाटी गाजलेली आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मी त्यांना आकडेमोड करून दाखवली. घाटात, थंडीत, गाडीनं आठचंच ॲव्हरेज दिलं तरी ३६५ ला ४६ लिटर. त्यांच्या गाड्यांची टाकी सत्तावन्न लिटरची. टांडीला फुल करा आणि जा. थारवाल्याचा चेहरा पडला. त्याला टाकी डिझेलसाठी नकोच होती, रीलसाठी हवी होती. आणि त्याची थार पेट्रोलची निघाली! पेट्रोलसाठी अशी घरगुती टाकी करण्याचा विचारही मनात आणू नये. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली उणे चाळीसच्या आसपासही पेट घेते, इथं तर आपण मे महिन्यातल्या सोलापूरबद्दल बोलतोय. ज्यांचं काम खरोखर पंपापासून लांब आहे, असे लोक देशात आहेत. मान्य टाकी हवी ती त्यांच्यासाठी. ज्या सोलापूरच्या वेशीवर पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथल्या माणसानं गाडीखाली दुसरा डेपो बांधून फिरावं, याला माझ्याकडे बारा वर्षांनंतरही उत्तर नाही.

परिवहन खात्यातल्या कुणी हे वाचलं तर त्यांनी जीआय पत्र्याच्या टाक्या बनवणाऱ्यांना आधी शोधावं, एवढीच विनंती. त्या आजही रस्त्यावर आहेत.

माझी टाकी विकायची नाही म्हणून कापून भंगारात द्यायचं ठरवलं. कटरवाल्याला बोलावलं तर त्यानं वास घेतला आणि हातसुद्धा लावला नाही. रिकाम्या टाकीत डिझेल नसलं तरी वाफ असते, ठिणगी पडली की टाकी बॉम्बसारखी फुटते, म्हणाला. धुऊन काढा, मग काठोकाठ पाणी भरून ठेवा, मी येऊन बघतो. तेव्हा सध्या ती गच्चीवर पाणी भरून ठेवली आहे. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. चाळीस लिटर पाणी त्या मेलीच्या पोटात कशाला घातलं, हे मला रोज सकाळी तेलुगूत ऐकावं लागतं.

आपला,
एक चादर-टॉवेल व्यापारी
अक्कलकोट रोड, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)